हिरव्या टॅगचा कॉस्च्युम

उत्कर्षाच्या मते स्विमिंग कॉस्च्युम निवडणं मुळीच अवघड नव्हतं. बायका उगाच त्याचा बाऊ करतात. शेवटी प्रश्न मापाचा आणि ताणाचा, आणि या दोन गोष्टींवर तर तिची एकोणीस वर्षं नोकरी चालली होती. चाकणला गाड्यांच्या दारांना लावायच्या रबरी पट्ट्या बनवणाऱ्या कंपनीत ती प्रयोगशाळा सांभाळायची. पट्टी किती ताणली जाते, सोडल्यावर जागेवर येते का, पाण्यात फुगते का, उन्हात चिरते का, हे तिच्यापासून लपवू शकेल अशी पट्टी अजून बनली नव्हती.

"बाईचं तरी काय वेगळं असतं?" ती शेजारच्या चतुराबाईंना म्हणाली. "फक्त मापांचं ड्रॉइंग नसतं."

चतुराबाई सत्तरीच्या, पिंपळे सौदागरच्या मूळच्या. सोसायटीचा स्विमिंग पूल जिथे होता, तिथे पूर्वी त्यांचं वांग्याचं वावर होतं. त्या म्हणाल्या, "ते ड्रॉइंग का काय मला न्हाई कळत. रविवारच्या आत कायतरी अंगात घाल. न्हाईतर साहेबराव तास घेऊन जाईल."

हा तास म्हणजे सकाळचा सात ते आठ. सोसायटीचे सेक्रेटरी साहेबराव आणि त्यांचे चार मित्र त्या वेळेत पूलमध्ये उभे राहून राजकारणावर बोलत असत. त्याला ते पोहणं म्हणत. उत्कर्षानं कमिटीला पत्र लिहिलं, की हा एक तास फक्त बायकांना मिळावा. पत्र चार ओळींचं होतं आणि त्यात एकही विशेषण नव्हतं, त्यामुळे कमिटीला नाही म्हणायला जागा सापडेना. त्यांनी अट घातली. येत्या रविवारी ठीक सात वाजता योग्य पोशाखात किमान दहा बायका पाण्यात दिसल्या पाहिजेत. न दिसल्यास तास रद्द, आणि हा विषय पुन्हा वर्षभर निघणार नाही.

नावं आली बरोबर दहा. दहावी उत्कर्षा.

"मॅडम, दहा म्हणजे दहा हं," साहेबरावांनी लिफ्टमध्ये तिला बजावलं. "काठावर पाय सोडून बसलेल्या धरणार नाही."

उत्कर्षा नुसती हसली. करमाळ्याकडच्या त्यांच्या विहिरीत ती पाठीला भोपळा बांधून पोहायला शिकली होती आणि पुढे भोपळ्याशिवाय तळाची वाळू मुठीत घेऊन वर यायची. बाराव्या वर्षी आई म्हणाली, आता पुरे. तेव्हापासून एकतीस वर्षं तिचा पाण्याशी संबंध बादलीपुरता उरला होता. हे ती साहेबरावांना कशाला सांगेल? तिनं ते कुणालाच सांगितलं नव्हतं.

मंगळवारी संध्याकाळी ती काळेवाडीत ताजुन्निसा आपांच्या दुकानात गेली. आपांकडे गाऊनपासून बुरख्यापर्यंत बायकांचं सगळं मिळायचं. मागे पडदा लावून केलेली ट्रायल रूम एवढी लहान होती, की आत शिरल्यावर वळायचं असेल तर बाहेर यावं लागे. उत्कर्षानं पर्समधून कागद काढला. त्यावर तक्ता होता. आठ कसोट्या, प्रत्येकीला गुण.

"कपड्याची परीक्षा घेतेस काय गं?" आपा म्हणाल्या.

"नीट निवडायचाय, आपा."

पहिला कॉस्च्युम खांद्यात असा रुतला की श्वास घ्यायचा तर परवानगी काढावी लागली असती. दुसऱ्यात हात वर केला की खालून ओढायचं आणि खाली वाकलं की वरून. तिसऱ्याला झालर होती. तो घालून ती टेबलक्लॉथ पांघरलेल्या टेबलासारखी दिसली. चौथ्यावर मोठी फुलं होती, म्हणजे सोफा. पाचव्यावर आडवे पिवळेकाळे पट्टे होते. आरशात पाहून तिला नाशिक फाट्यावरचं बॅरिकेड आठवलं. दहा कॉस्च्युम झाले. तक्त्यात एकाही कॉस्च्युमला पास होण्याइतके गुण नव्हते.

"आतमध्ये उभी राहून आरसा काय बघतेस?" पडद्याबाहेरून आपांचा आवाज आला. "उभं राहिलं की सगळ्यांचं सगळं चांगलं दिसतं. बसून बघ. वाकून बघ. हात फिरव. घातलाय हे विसरलीस तर तो तुझा. आणि पोट आत ओढू नको. पाण्यात किती वेळ ओढून धरशील?"

अकरावा कॉस्च्युम गडद निळा होता. बाह्या कोपरापर्यंत, पाय गुडघ्याच्या जरा वर. दोन्ही बाजूंना मरून रंगाची पट्टी कमरेशी निमुळती होत गेलेली, त्यामुळे जी कंबर होती तिच्यापेक्षा चार बोटं कमी दिसत होती. पोटावर तिरक्या चुण्या होत्या. त्या चुण्यांत दोन बाळंतपणं सहज मावली. उत्कर्षा बसली, वाकली, हात फिरवले. ट्रायल रूमचा पडदा दांडीसकट खाली आला.

"हाच," ती म्हणाली.

"हाच," पडदा उचलत आपाही म्हणाल्या. "ह्या साइजचा एकच होता. सांभाळ."

इथं थांबली असती तर ती उत्कर्षा कसली! आपांच्या कसोट्या झाल्या, पण तिच्या व्हायच्या होत्या. क्लोरीनच्या पाण्यात रंग जातो का? ओला झाल्यावर आरपार दिसतं का? महिन्याभरात ढगळ होतो का? बुधवारी तो प्रयोगशाळेतल्या क्लोरीनच्या पाण्यात चोवीस तास बुडाला. गुरुवारी त्याला ताण देण्याच्या यंत्रावर पाचशे वेळा ओढून सोडलं. शेवटी ओल्या कापडामागे दिवा धरून पाहिलं. कॉस्च्युम सगळ्यांतून पार पडला. तिनं सवयीप्रमाणे दोन पानी रिपोर्ट तयार केला, वाळलेला कॉस्च्युम नीट घडी करून टेबलावर ठेवला आणि त्याला हिरवा टॅग बांधला.

प्रयोगशाळेत टॅगशिवाय वस्तू ठेवायची नाही, हा तिचाच नियम. लाल म्हणजे बाद, पिवळा म्हणजे थांबवलेला, हिरवा म्हणजे मंजूर. तेवढ्यात मीटिंगला बोलावणं आलं. ती परतली तेव्हा टेबल स्वच्छ होतं.

पॅकिंग विभागात समाधान खोक्यांना चिकटपट्ट्या मारत होता. परभणीचा, मिशीत पांढरे केस आलेला, अकरा वर्षांत एकही चूक न केलेला माणूस.

"समाधान, माझ्या टेबलावर एक निळं... एक निळी वस्तू होती."

"गेली की, मॅडम. दुपारच्या गाडीनं."

"कुठे गेली?"

"कस्टमरकडं. दाराच्या पट्टीच्या नमुन्यांसंगं. हिरवा टॅग होता, रिपोर्ट होता. दोन्ही खोक्यात टाकले."

"अहो, ती पट्टी आहे का? बघायचं तरी."

समाधान दुखावला. "मॅडम, ट्रेनिंगमधी तुम्हीच सांगितलं. वस्तू बघायची न्हाई, टॅग बघायचा."

हे तिनंच सांगितलं होतं. पाटीसुद्धा तिनंच लावली होती.

शुक्रवारी सकाळी फोन वाजला. चाकणलाच चार किलोमीटरवर कस्टमरची कंपनी. तिथे येणारा माल तपासणारे हिंदुराव तीन वर्षं तिच्या पट्ट्यांत काही ना काही खोट काढत आले होते. कधी कडा, कधी रंग, काहीच नाही तर खोक्याचा पुठ्ठा.

"मॅडम, तुमच्या नमुन्यांत एक नवीन भाग आलाय," ते गंभीरपणे म्हणाले. "त्याचं ड्रॉइंग नाही."

"चुकून आलाय, सर. परत पाठवा."

"असा कसा परत पाठवू? हिरवा टॅग आहे, तुमची सही आहे. आता तपासणी होईल. उद्या या."

शनिवारी ती गेली. तपासणीच्या खोलीत मधोमध काळ्या ग्रॅनाइटचं टेबल होतं आणि त्यावर कॉस्च्युम उताणा पसरलेला होता. भोवती हिंदुराव आणि पाच इंजिनियर हात मागे बांधून उभे होते, जणू गावातलं मोठं माणूस गेलं होतं. ही काय वस्तू आहे, ते सहाही जणांना कळलं होतं. एकाच्याही तोंडून त्या वस्तूचं नाव निघत नव्हतं.

"भागाची एकूण लांबी आठशे बारा," एकजण कागदात बघत म्हणाला.

"भागाला पाच उघड्या जागा आहेत," दुसरा छताकडे बघत म्हणाला.

"डावी-उजवी बाजू मोजली," हिंदुराव म्हणाले. "फरक एक मिलिमीटर. तुमचा रिपोर्टही वाचला. पाचशे वेळा ताणून आकार कायम. मॅडम, तीन वर्षांत पहिल्यांदा सांगतो. उत्तम काम आहे."

एरवी या वाक्यावर तिनं कंपनीत पेढे वाटले असते. "धन्यवाद, सर. मग मी घेऊन जाते."

"नाही, नाही. मंजूर झालाय तो. मंजूर नमुन्यावर आमचा शिक्का बसतो आणि तो कपाटात राहतो. गाडीचं मॉडेल चालू आहे तोवर."

"किती दिवस?"

"सात वर्षं. आठही होतील."

एका इंजिनियरनं शिक्क्याचं पॅड उघडलं.

उत्कर्षाच्या डोळ्यांसमोर पूलच्या काठावर नऊ बायका उभ्या राहिल्या, आणि घड्याळ बघणारे साहेबराव. स्वतःचाच नमुना बाद करून घ्यायची पाळी तिच्यावर एकोणीस वर्षांत आली नव्हती.

"सर, बाद करा तो. तो गाडीचा भाग नाही."

"भाग नाही?" हिंदुरावांनी कपाळाला आठ्या घातल्या. "मग काय आहे? तसं लिहून द्यावं लागेल. वस्तूचं नाव आणि वापर. त्याशिवाय गेटपास निघत नाही."

त्यांनी फॉर्म पुढे सरकवला. पाच इंजिनियर पाच दिशांना बघू लागले. उत्कर्षानं पेन हातात घेतलं. 'कापडी वस्तू' लिहिता आलं असतं. 'व्यायामाचं साहित्य' लिहिता आलं असतं. पण तिनं आयुष्यात फॉर्ममध्ये चुकीची नोंद केलेली नव्हती. तिनं लिहिलं आणि लिहिता लिहिता मोठ्यानं वाचलंही.

"वस्तू, स्विमिंग कॉस्च्युम, लेडीज. वापर, पोहण्यासाठी. मालक, मी स्वतः. उद्या सकाळी सात वाजता मला हा घालून पाण्यात उतरायचंय, सर. माझ्यामुळे नऊ बायका अडल्यात."

शिक्क्याचं पॅड हळूच बंद झालं.

"घ्या मॅडम," हिंदुराव म्हणाले, आणि सही केली.

गेटवरच्या सिक्युरिटीला मात्र कसलाच संकोच नव्हता. नियमाप्रमाणे त्यानं गेटपास मोठ्यानं वाचला. "स्विमिंग कॉस्च्युम लेडीज, एक नग, निळा. कुणाचा?" मागे ट्रकवाल्यांची रांग होती.

"माझा," उत्कर्षा म्हणाली. आवाज इतका खणखणीत निघाला, की दोन ट्रकवाल्यांनी आपापली कागदपत्रं सरळ धरली.

ती गाडीत बसत होती तेवढ्यात हिंदुराव धापा टाकत आले. इकडेतिकडे बघून हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, त्या रिपोर्टची एक कॉपी ठेवून घेतली तर चालेल? मिसेसना डॉक्टरांनी पोहायला सांगितलंय. तीन दुकानं झाली, एक मनास येत नाही."

"ठेवा, सर. दुकानाचा पत्ता मागच्या पानावर आहे."

"आणि पाच कॉप्या जास्त काढतो," हिंदुराव म्हणाले. मागे दारात पाच इंजिनियर उभे होते.

रविवारी सातला पाच मिनिटं कमी असताना पूलच्या काठावर दहा बायका जमल्या. दहाहीजणींनी कॉस्च्युमवर गाऊन चढवले होते, गाऊनवर टॉवेल, दोघींनी टॉवेलवर ओढणी. पहिली कुणी उतरेना. पोहायला शिकवणारी मुलगी हातात शिट्टी घेऊन मोजायला थांबली होती. कुंपणापलीकडे साहेबरावांच्या घड्याळात तीन मिनिटं उरली.

काल ट्रकवाल्यांसमोर नाव घेऊन झालं होतं. आता लाजायला शिल्लक काही नव्हतं. उत्कर्षानं टॉवेल, गाऊन काढून खुर्चीवर नीट घडी करून ठेवले आणि ती पायऱ्या उतरली. पाणी कमरेला लागलं, छातीला लागलं. कॉस्च्युम फुगला नाही, सरकला नाही, कुठे ओढला नाही. घातलाय हे ती विसरलीच. तिनं पाय सोडले आणि एकतीस वर्षांपूर्वीचे हात आपोआप फिरले. पलीकडच्या भिंतीला हात लावून ती मागे वळली तेव्हा काठावर टॉवेलांचा ढीग पडला होता.

"सात, आठ, नऊ," मुलगी मोजत होती.

नववीनंतर चतुराबाई पायरीवर उभ्या. तोंडानं पुटपुटत होत्या, "आमी पवनामाईत उड्या टाकल्यात, ह्या डबक्याला काय भ्यायचं." त्यांनी नाक धरलं आणि अशी उडी घेतली, की कुंपणापलीकडे साहेबरावांचा चष्मा ओला झाला.

"दहा!"

तास मिळाला. बायकांनी तो शेवटच्या सेकंदापर्यंत वापरला आणि आठ वाजता दहाजणी विजयी मुद्रेनं चेंजिंग रूममध्ये शिरल्या.

साडेआठला त्या आतच होत्या. कोरडा कॉस्च्युम अंगात सहज जातो. ओला कॉस्च्युम अंगाबाहेर यायला तयार नसतो. उत्कर्षाची एक बाही कोपरात अडकली होती आणि दुसरी कानावर. दोघी तिला ओढत होत्या. त्या दोघींना आणखी दोघी ओढत होत्या. आतून "थांब, थांब", "ओढ की", "अगं माझा हात हाय तो" असे आवाज येत होते, आणि मधूनच सगळ्या हसून कोलमडत होत्या. बाहेर साहेबराव आणि चार मित्र टॉवेल खांद्यावर टाकून उन्हात उभे होते. दार वाजवायची एकाचीही हिंमत नव्हती.

सोमवारी नोटीस बोर्डावर कमिटीचा कागद लागला. महिलांची वेळ कायम करण्यात आली होती. शिवाय, महिलांना आवरायला लागणारा वेळ लक्षात घेऊन ती अर्ध्या तासानं वाढवून सात ते साडेआठ करण्यात आली होती.

आत नेमकं काय आवरत होत्या, ते कमिटीनं विचारलं नाही. उत्कर्षानंही रिपोर्ट दिला नाही.