पाटावर बसलेला कूलर

“यंदा मशीनचा आवाज शून्य. शून्य म्हणजे अगदी शून्य. लिहून घ्या,” असं प्रल्हाद देवस्थळी यांनी अमेरिकेतल्या ईडन प्रेरीच्या मराठी मंडळाच्या बैठकीत जाहीर केलं, आणि सेक्रेटरीबाईंनी ते खरोखरच लिहून घेतलं. पुढे जे काही झालं ते सगळं या एका वाक्यामुळे झालं.

प्रल्हादराव चोपन्न वर्षांचे, एका मोठ्या कंपनीत सीनियर इंजिनियर, आणि कीर्तनाचे वेडे. ऑफिसला जाताना त्यांच्या गाडीत पूर्वरंग लागायचा आणि घरी येताना उत्तररंग. मधले आठ-नऊ तास नोकरी व्हायची, तिला ते मध्यंतर समजत. बर्फ पडून हायवे तुंबला की बाकीची माणसं घड्याळाकडे बघत बसायची, आणि प्रल्हादराव मनात म्हणायचे, बरं झालं, निरूपण पुरं होईल.

गेल्या वर्षी एक बुवा अमेरिकेच्या दौऱ्यावर आले होते. त्यांचं कीर्तन प्रल्हादरावांच्या बेसमेंटमध्ये झालं आणि ते प्रल्हादरावांनी स्वतः जुळवलेल्या कॉम्प्युटरवर रेकॉर्ड केलं. आता प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू, आणि त्यांच्या प्रोसेसरचं डोकं फार लवकर तापायचं. ते तापलं की त्याच्यावरचा पंखा असा सुटायचा, की शेजारी कोणी मिक्सरमध्ये सुक्या खोबऱ्याची चटणी वाटतंय असं वाटावं. त्या दिवशी दोन तास चटणी वाटली गेली. आणि हरिश्चंद्राने तारामतीवर तलवार उगारली त्याच क्षणी तापलेलं मशीन आपोआप बंद पडलं. मंडळाच्या साठ घरांत त्या सीड्या वाटल्या गेल्या, आणि साठही घरांत हरिश्चंद्राची तलवार वर्षभर तशीच वर राहिली.

पण यंदाची गोष्ट वेगळी होती. यंदा सुमित्राताई येणार होत्या. चिपळूणच्या सुमित्राताई शहात्तर वर्षांच्या, शिकागोजवळ शॉमबर्गला भाच्याकडे दोन महिने आलेल्या, आणि परत काही एवढा प्रवास करणार नाही असं स्वच्छ सांगणाऱ्या. त्यांनी आयुष्यात कधी कोणाला रेकॉर्डिंग करू दिलं नव्हतं. कीर्तन समोर बसून ऐकायचं असतं, डब्यात भरून न्यायचं नसतं, असं त्यांचं म्हणणं. प्रल्हादरावांनी त्यांना फोनवर आपल्या आईबद्दल सांगितलं. आई नाशिकला, ब्याऐंशी वर्षांची. खुब्याचं हाड मोडल्यापासून दोन वर्षं तिने गॅलरीपलीकडे पाऊल टाकलेलं नव्हतं. चिपळूणला असताना याच सुमित्राताईंच्या कीर्तनाला ती दर चैत्रात पहिल्या रांगेत बसायची. मग सुमित्राताई म्हणाल्या, “बरं. एकदाच हो. तुमच्या आईसाठी.”

एकदाच. म्हणजे चटणी परवडणार नव्हती.

प्रल्हादरावांनी पंख्याऐवजी पाण्याने थंड होणारा कूलर घ्यायचं ठरवलं. गाडीच्या इंजिनासारखाच प्रकार. प्रोसेसरच्या डोक्यावर एक चकती बसते, तिच्यातलं पाणी उष्णता घेऊन नळीतून रेडिएटरकडे जातं, तिथे मोठे पंखे सावकाश फिरून ते गार करतात, आणि गार पाणी दुसऱ्या नळीने परत. मंडळातला रवींद्र म्हणजे कॉम्प्युटर उघडा दिसला की त्यात हात घालणारा प्राणी. त्याने सल्ला दिला की पंप, टाकी, नळ्या सगळं सुटं आणू आणि जोडू, काका, धमाल येईल. प्रल्हादरावांना धमाल नको होती. त्यांना कारखान्यातूनच पाणी भरून, तोंडं बंद करून आलेला, सगळं एकात एक असा कूलर हवा होता.

अशा कूलरमध्ये दोन स्थळं समोर आली. एका पंख्याचं लहान आणि दोन पंख्यांचं मोठं. पुढचे तीन आठवडे प्रल्हादरावांनी या दोघांच्या पत्रिका जुळवल्या. एक्सेलमध्ये तक्ता केला. इंटरनेटवरच्या अनोळखी माणसांची मतं छापून जेवणाच्या टेबलावर मांडली. शोभना, म्हणजे त्यांची बायको, त्या कागदांवर आमटीचं पातेलं ठेवत म्हणाली की ऋषीच्या कॉलेजसाठीसुद्धा आपण एवढं पाहिलं नव्हतं. ऋषी म्हणजे मुलगा, तो मॅडिसनहून फोनवर म्हणाला, “डॅड, जस्ट यूज माय ओल्ड लॅपटॉप. इट्स सायलेंट.” लॅपटॉपवर गृहपाठ करतात, कीर्तन नाही, असं सांगून प्रल्हादरावांनी फोन ठेवला.

शेवटी मोठा ठरला. दोन पंखे म्हणजे प्रत्येकाला निम्मं काम, आणि निम्मं काम असलं की कोणी तक्रार करत नाही, हे त्यांना ऑफिसातल्या अनुभवावरून ठाऊक होतं.

“काका, कॉम्प्युटरची केस मोजलीत ना?” रवींद्रने विचारलं.

मोजली होती. शोभनाच्या शिवणाच्या टेपने मोजली होती. फक्त बाहेरून.

कूलर शुक्रवारी आला. कीर्तन रविवारी, दसऱ्याला, दुपारी तीन वाजता. रेडिएटर आत जाईना. उभा जाईना, आडवा जाईना, तिरका करून समजूत काढली तरी जाईना. परत पाठवून लहान मागवायला वेळ नव्हता, आणि नळ्या कारखान्यातच पक्क्या केलेल्या, त्यामुळे सुट्या करायची सोय नाही. मग प्रल्हादरावांनी केसचं बाजूचं झाकणच काढून टाकलं आणि रेडिएटर नळ्यांसकट बाहेर घेतला. ऑपरेशन अर्धवट सोडल्यासारखं दिसत होतं. पण बाहेर काढला तरी तो टेकवायचा कशावर? कार्पेटवर धूळ, खुर्ची डगमगती. देवघराशेजारी पाट दिसला. शिसवीचा, पितळी फुलांचा, चांगला बसका. त्यांनी पाट जमिनीवर मांडला, त्यावर रेडिएटर उभा केला आणि म्हणाले, तात्पुरतं आहे.

पण चालू केल्यावर काय सांगावं. शांतता. प्रल्हादरावांनी कान लावला तर त्यांना स्वतःचं मनगटी घड्याळ ऐकू आलं. शोभना खाली आली आणि चालू कधी करणार म्हणून विचारू लागली. “चालूच आहे,” ते म्हणाले. शनिवारभर ते दर तासाला काहीच ऐकू येत नाही हे ऐकायला बेसमेंटमध्ये जाऊन येत होते.

रविवारी सकाळी दसऱ्याची यंत्रपूजा. प्रल्हादराव दरवर्षी गाडीला, स्क्रूड्रायव्हरच्या पेटीला आणि कीबोर्डला कुंकू लावत. यंदा आईचं काम म्हणून त्यांनी खास नारळ घेतला, बेसमेंटमध्ये कार्पेट जिथे संपतं तिथे, अगदी मशीनला लागून, हातोडीने फोडला, पाणी वाटीत धरलं, आणि मंडळातल्या कुमारच्या घरी उतरलेल्या सुमित्राताईंना आणायला निघून गेले.

आता इथे जरा लक्ष द्यावं. प्रल्हादराव गेल्यावर शोभना आपल्या वाटची पूजा करायला खाली आली. तिला कूलर म्हणजे काय हे तीन आठवडे ऐकून पाठ झालं होतं. पण जन्मभराची सवय अशी, की पाटावर जे बसलंय त्याला हळदकुंकू लावल्याशिवाय तिचा हात पुढे जात नाही. लग्नमुंजीत तिने पाटावर बसलेल्या शेकडो माणसांना लावलं होतं. तिने रेडिएटरला लावलं. सासूबाईंचं काम म्हणून सढळ हाताने लावलं. वर झेंडूचं फूल ठेवलं, आणि अक्षता वाहिल्या. मूठभर.

दोन वाजून वीस मिनिटांनी प्रल्हादरावांनी मशीन चालू केलं. वर गॅरेजमध्ये चपलाबुटांची रांग लागत होती, खाली कुमार तबला लावत होता, सुमित्राताई खुर्चीवर बसून पातळाचा पदर नीट करत होत्या. आणि शनिवारभर मूक असलेल्या यंत्रातून आवाज आला. खर्र. टक. खर्र, खर्र, टक. एखाद्या बाळाचा खुळखुळा असावा तसा.

“पंपात हवा शिरली असेल,” रवींद्र म्हणाला आणि गुडघ्यांवर बसला. मग त्याचा हात पाटाखाली गेला, आणि तो ओरडला, “काका, ओलं आहे! लीक झालंय!”

प्रल्हादरावांनी प्लग असा ओढला की भिंतीवरच्या सॉकेटची पट्टीही सोबत आली. रवींद्रने ओलं बोट नाकाशी नेलं. “गोडसर वास आहे. कूलंटला असाच वास येतो, मी वाचलंय.” म्हणजे संपलं. पाणी आणि वीज यांची गाठ पडली असली तर मशीनचा निकाल लागलेला, आणि पडली नसली तरी ते आता चालू करायची छाती कोणाला?

प्रल्हादराव बेसमेंटच्या जिन्याच्या खालच्या पायरीवर बसले. शेजारून माणसं खाली येत होती, दसऱ्याचं सोनं म्हणून बागेतल्या झाडाची पानं हातात देत होती, आणि ते ती घेत होते. नाशिकला फोनवर काय सांगायचं, एवढंच त्यांच्या डोक्यात. सुमित्राताई हळूहळू उठून त्यांच्यापाशी आल्या. काय झालं ते त्यांनी ऐकून घेतलं.

“राहू दे रेकॉर्डिंग,” त्या म्हणाल्या. “मी परत गेले की नाशिकला जाऊन येईन तुमच्या आईकडे.”

हे त्या मनापासून म्हणाल्या. पण चिपळूणहून नाशिक, गाडीचा दिवसभराचा प्रवास, आणि आत्ता या दहा पायऱ्या उतरायला त्यांना दोघांचे हात लागले होते.

तेवढ्यात शोभना आरतीचं तबक घेऊन खाली आली. सगळे पाटाभोवती वाकलेले पाहून तिने विचारलं, काय हरवलंय.

“कूलर गळतोय. पण कुठून तेच सापडत नाही,” रवींद्र म्हणाला.

शोभनाने पाटाकडे पाहिलं, कार्पेटच्या कडेकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं. “अहो, सकाळी नारळ कुठे फोडलात?”

प्रल्हादरावांनी पाटाशेजारच्या जमिनीकडे बोट दाखवलं.

“वाटीत चमचाभर पाणी होतं फक्त. मी म्हटलं, बाकीचं गेलं कुठे.”

रवींद्रने बोट पुन्हा नाकाशी नेलं. “हो,” तो बेताने म्हणाला. “नारळच.”

मग खडखडाटाचा शोध लागायला वेळ लागला नाही. पंख्याच्या पात्यांत अक्षता होत्या. शोभनाच्या भुवयांच्या चिमट्याने प्रल्हादरावांनी एकेक दाणा वेचला. ती शेजारी उभी राहून म्हणत होती, “पाटावर तुम्ही बसवलंत. मग मी काय नुसतं बघून पुढे जाऊ?” मग दुसऱ्या सॉकेटमध्ये प्लग लावला. शांतता परत आली, पण एकटी नाही आली. पंख्यात उरलेलं सगळं हळदकुंकू एका झटक्यात बाहेर आलं, आणि आत आणखी दाणा अडकलाय का म्हणून रवींद्र त्याच वेळी समोर वाकला होता. पुढचे अडीच तास तो पहिल्या रांगेत पिवळा-तांबडा होऊन बसला होता. न्यू जर्सीहून आलेल्या एका काकूंनी हा मंदिराचा पुजारी असं समजून जाताना त्याला वाकून नमस्कार केला.

सुमित्राताई उभ्या राहिल्या, गळ्यात हार पडला, आणि त्यांची नजर पाटावर गेली. फूल वाहिलेलं, नळ्या बाहेर आलेल्या, आत निळा दिवा लागलेला.

“हे कोणतं दैवत?” त्यांनी विचारलं.

“डोकं थंड ठेवणारं आहे,” शोभना म्हणाली.

सुमित्राताईंनी हात जोडले. “मग प्रत्येक संसारात असायला हवं,” त्या म्हणाल्या, आणि पंचेचाळीस माणसं हसत असतानाच त्यांनी गजर सुरू केला.

कीर्तन कसं झालं हे लिहून सांगता येणार नाही. आख्यान सुदाम्याचं होतं. शहात्तराव्या वर्षी तो आवाज वरच्या पट्टीला असा जाऊन पोचत होता, जसं माहेरी जायला काही पत्ता विचारावा लागत नाही. प्रल्हादराव मायक्रोफोनला आणि मशीनला लागून बसले होते, लक्ष ठेवायला. पहिली दहा मिनिटं त्यांनी स्क्रीनवरच्या तापमानाच्या रेषेकडे पाहिलं. रेषा संथ होती. नंतर त्यांना रेषा दिसली नाही, स्क्रीन दिसली नाही. त्यांना द्वारकेचं दार दिसत होतं. आरतीच्या वेळी भानावर आले तेव्हा सदऱ्याची बाही ओली होती आणि मशीन चालूच होतं, हूं की चूं नाही.

त्याच आठवड्यात ते फाइल तपासायला बसले. पाच मिनिटांत पुन्हा तंद्री लागली, आणि सगळं त्या दिवशी ऐकलं होतं तसंच ऐकू आलं. समाधानाने त्यांनी दोन सीड्या केल्या आणि दिवाळीला पुण्याला निघालेल्या कुमारबरोबर नाशिकला पोचत्या केल्या.

भाऊबिजेला आईचा फोन आला. प्रल्हादरावांनी तो स्पीकरवर घेतला, शोभनालाही ऐकू जावं म्हणून.

“दोनदा ऐकलं रे,” आई म्हणाली. “पोह्यांची पुरचुंडी सुटते तिथे दोन्ही वेळा रडले. सुमित्राचा गळा अजून तस्साच. खोलीत बसून गात्येय असं वाटतं.”

“आणि मशीनचा आवाज?”

“कसलं मशीन?”

प्रल्हादरावांनी शोभनाकडे असं पाहिलं की तीन आठवड्यांचा तक्ता, शिवणाची टेप, नारळ, सगळं त्या एका नजरेत फिटलं.

“फक्त एक माणूस तेवढा आहे मध्ये,” आई म्हणाली. “सुमित्राने पद उचललं की हा तिच्या आधीच म्हणून मोकळा होतो. सूर त्याच्या वाटेला जात नाही. दर ओळीला वा, वा. सुदामा अजून वेशीपाशी आहे, तर हा म्हणतो, आता बघा, कृष्ण कसा धावत येतो. आपल्याला आधीच सांगून टाकलं की रे.”

शोभनाने तोंडावर पदर धरला.

“आई, ते...”

“कळलं मला. मी तुला नऊ महिने पोटात ठेवलंय, आवाज ओळखणार नाही?” आई जरा थांबली. मग काही तरी समजुतीचं सांगावं तशी हळू म्हणाली, “परत कधी रेकॉर्ड केलंस तर एवढं कर बाळा. तुझ्याजवळ एखादा पंखा लावून ठेव. चांगला जोरात फिरणारा.”