दांडगे सरांची भेग

दांडगे सर कुणाच्याही घरी गेले की आधी वाकून फरशीला तळहात लावतात आणि मगच बसतात. आमच्या वास्तुशांतीलाही त्यांनी तेच केलं. "झोपलीय," म्हणाले. बायकोला वाटलं, आमची मुलगी. सर जमिनीबद्दल बोलत होते.

सर आमच्या खालच्या मजल्यावर एकटे राहतात. कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायचे. निवृत्त झाले, शिकवणं थांबलं नाही. विषय एकच, तापीच्या खोऱ्याखालची भेग. "वरवर जाऊ नका," हे पालुपद. "ही भेग आपल्या काळ्या खडकाहून लई म्हातारी हाय. आधी जमीन ताणली, फाटली, मधली खचली. लई काळानं लाव्हा आला, थरावर थर चढवून झाकून गेला. झाकलं म्हंजे बुजलं व्हय? अख्खा देश उत्तरेला सरकतोय, अन् दाब येतोय त्या जुन्या जखमेवर." हे सगळं लिफ्टमध्ये. लोक जिन्याने जाऊ लागले.

गेल्या उन्हाळ्यात सर मला फर्दापूरजवळ एका शेतात घेऊन गेले. तिथं एकट्या राहणाऱ्या सरूबाईंची कोरडी बोअर श्वास घेते, असा निरोप होता. भर दुपार, पान हलत नव्हतं. सरांनी पाइपाच्या तोंडावर रुमाल धरला. तो फुगला. उन्हं कलल्यावर पुन्हा धरला, तर हळूच आत ओढला गेला. सरूबाई दोन पावलं मागं सरकल्या.

"हवाच हाय आजी," सर म्हणाले. "दाब बदलला की खडकातल्या फटीतून आत-बाहेर करते."

"मग भ्याचं काम नाय ना? का लेकीकडं जाऊ चार दिस?"

सरांनी रुमाल घडी करून खिशात घातला. मग म्हणाले, "जा, आजी. मीच सोडतो."

सरूबाईंचं बोचकं सरांनी स्वतः गाडीत ठेवलं. फुलंब्रीला लेक दारातच उभी होती. माय-लेकी आत गेल्या. सरांनी गाडी सुरू केली नाही.

"हवेला कशाला भ्यायचं, सर?" मी विचारलं. "जा कशाला म्हणालात?"

"लातूरकडं बारीक धक्के बसत होते तवा अक्कानं असंच इचारलं होतं. भाऊ, पोरीला घेऊन येऊ का तुझ्याकडं? मी म्हटलं, काळा खडक हलत नाय, अक्का. मी शिकलेला ना!" ते समोरच्या काचेकडे बघत राहिले. "भूकंपात दोघीबी गेल्या."

तेवढ्यात सरूबाईंच्या लेकीनं दारातून हाक दिली, "मामा, च्या घेतल्याबिगर जायचं नाय हं!"

सरांनी दार उघडायला हात पुढं केला. खटका त्यांना सापडेना. शेवटी मीच उतरून दार उघडलं.