आमचा कॉम्प्रेसर चालतो

थरथरणारी कुठलीही वस्तू मी एका दुपारात शांत करून दाखवतो, असं मी बायकोला सांगितलं तेव्हा मी पूर्ण शुद्धीवर होतो. हे आधीच कबूल केलेलं बरं, नाहीतर तुमच्यापैकी कुणीतरी भाबडेपणाने माझी बाजू घ्यायला जाईल.

मी शाळेत भूगोल शिकवतो. भूकंप हा माझा हातखंडा धडा. त्यामुळे हादऱ्यांचं काय करायचं हे आपल्याला कळतं, असा माझा गोड गैरसमज होता. घराला लागून गॅरेज आहे आणि तिथे माझा जुना एअर कॉम्प्रेसर आहे. हवा भरायची टाकी, तिच्या डोक्यावर मोटर, आणि त्या हवेवर चालणारी रंगाची गन. टाकीच्या एका टोकाला दोन चाकं, दुसऱ्या टोकाला दोन पाय. विकणारा म्हणाला होता, "साहेब, मस्त चालतो." मला वाटलं, मोटरबद्दल बोलतोय. पण तो खरोखरच चालायचा! बटण दाबलं की थडथडत, निघायची घाई झालेल्या पाहुण्यासारखा, दहा मिनिटांत कोपऱ्यातून दारापाशी. मी त्याला ओढून परत कोपऱ्यात बसवायचो आणि रंगाचा पुढचा हात मारायचो. आमचं दोघांचं छान जमलं होतं.

जमत नव्हतं ते भिंतीपलीकडे. तिथे बायकोची कामाची खोली. ती इमारतींची मॉडेल्स बनवते. त्या आठवड्यात तिच्या टेबलावर एक अख्खं हॉस्पिटल होतं. फाटक, बाग, इमर्जन्सीचं दार, गच्चीवरचं कँटीन, आणि या सगळ्यात चिमट्याने उभी केलेली एकशे चाळीस माणसं, एकेक तांदळाच्या दाण्याएवढी. सोमवारी सकाळी ते समितीपुढे जायचं होतं. तिला हे काम मिळणार की दुसऱ्या कुणाला, ते तिथेच ठरणार होतं. मॉडेलखाली बसवायची मोठी पाटी रस्त्यासारखी करडी रंगवणं एवढंच माझ्याकडे होतं.

शनिवारी सकाळी मी बटण दाबलं. तीन मिनिटांत बायको दारात उभी. चिमट्यात एक नर्स.

"हिला मी तीनदा उभी केली," ती म्हणाली. तिचा आवाज जितका खाली जातो तितकं माझं काही खरं नसतं, आणि तो आत्ता तळघरात होता. "तिन्ही वेळा पडली. आता सगळेच पडलेत. सर्जनसकट."

तेव्हा मी ते सुरुवातीचं वाक्य बोललो. तिने मला संध्याकाळपर्यंत वेळ दिला.

पहिला उपाय सोपा होता. सोफ्याची जाडजूड उशी पायांखाली सरकवली. हादरे शोषले जाणार, हे तर सातवीतलं पोरही सांगेल. हादरे शोषले वगैरे काही गेले नाहीत, उलट कॉम्प्रेसरला उशी फारच आवडली. तो जागच्या जागी उड्या मारायला लागला आणि मागची बाजू भिंतीवर आपटायला लागली. फळीवरचे खिळ्यांचे डबे एकेक करून खाली आले.

डब्यांच्या आवाजाने सासरे बाहेर आले. ते आमच्याकडेच राहतात. सगळी नोकरी पाणीपुरवठा खात्यात झाली, त्यामुळे हलणाऱ्या वस्तूबद्दल त्यांचं मत ठाम आहे. वजन कमी पडतंय. आम्ही विटा ठेवल्या, त्या टुणटुण खाली उतरल्या. वाळूची पिशवी ठेवली, ती फाटली. मग बाबांनी यंत्राकडे बराच वेळ पाहिलं आणि चष्मा पुसला.

"जावईबापू, मी शहात्तर किलो आहे," ते म्हणाले. "आणि मी घसरून पडणार नाही."

मोटरच्या झाकणावर फळी बांधली, फळीवर तीच उशी ठेवली. पायांकडच्या बाजूला गरम हवा येत होती, म्हणून बाबा चाकांच्या बाजूला सरकून बसले आणि वर्तमानपत्रातलं शब्दकोडं उघडलं. मी बटण दाबलं. काय सांगू, यंत्र तसूभरही सरकलं नाही! मी विजयी मुद्रेने पाठ फिरवली आणि रंगवायला लागलो. गनचा खटका दाबून बोट दुखतं म्हणून त्यावर रबर बँडही चढवला.

आता यातला भूगोल ऐका. शहात्तर किलो चाकांवर आले की दुसऱ्या टोकाचे पाय उचलले जातात. आणि पाणी निघून जावं म्हणून गॅरेजच्या जमिनीला दाराकडे उतार आहे. दारापुढे त्याहून मोठा उतार, आणि मग गल्ली.

"दार जवळ येतंय," बाबा म्हणाले. मला वाटलं, कोड्यातलं काहीतरी विचारताहेत. मी म्हटलं, किती अक्षरी?

उत्तराऐवजी माझ्या हातातली गन गेली. वळून बघतो तर बाबा ताठ बसलेले, पेपर तसाच धरलेला, उताराला लागलेले. वायर ताणून प्लग निघाला आणि मोटर थांबली, पण टाकीत हवा भरपूर होती. गन मागून फरफटत, गल्लीवर करडा पट्टा ओढत गेली. मी धावलो, पण पट्ट्यावरून घसरून बसलो. बाबा समोरच्या कुंपणाच्या झुडपात जाऊन थांबले.

तिथे झाडांना पाणी घालत उभ्या होत्या निवृत्त डॉक्टरीणबाई. त्यांनी आधी बाबांची नाडी बघितली. मग यंत्र सगळीकडून न्याहाळलं आणि विचारलं की ज्येष्ठांसाठी ही नवी खुर्ची कुठे मिळाली, कारण त्यांच्या थोरल्या भावाचे गुडघे गेले आहेत. बाबांनी झुडपातूनच नमस्कार केला आणि जावयाने घरी बनवली म्हणून सांगितलं. ऑर्डरही जवळजवळ घेतली.

एवढ्यात बायको आली. आधी वडिलांचे हातपाय तपासले, मग पट्टा पाहिला, मग मला. आम्हा दोघांकडून कॉम्प्रेसर ढकलत परत आणवला आणि पान्हा घेऊन खाली बसली. मोटरचे चारही नट इतके ढिले होते की बोटांनी फिरत होते. एका पायाचं रबर झिजून गेलेलं. तिने नट आवळले, आपल्या कटिंग मॅटचा जाड तुकडा कापून पायाखाली बसवला, यंत्र भिंतीपासून हातभर लांब घेतलं आणि वर पाण्याने भरलेला पेला ठेवून बटण दाबलं. पाणी जेमतेम शहारलं. वीस मिनिटं यंत्र जागचं हललं नाही, पेल्यासकट.

"हे नट तू बघितलेच नव्हतेस?" तिने विचारलं.

"मी प्रश्नाच्या मुळाशी जात होतो."

"मुळाशी नटच आहेत."

पाटी तासाभरात रंगली. त्यानंतर शिक्षा झाली. तिला छपराचं काम उरकायचं होतं, तेव्हा एकशे चाळीस माणसं मी उभी करायची. रविवारभर मी श्वास रोखून चिमटा चालवला. बागेत हात पोचत नव्हता, फाटकापाशी झाडं आडवी येत होती. संध्याकाळी शेवटचा माणूस उभा राहिला तेव्हा मला स्वतःला उभं राहता येत नव्हतं.

सोमवारी दुपारी बायको परतली. काम तिलाच मिळालं होतं. समितीने एकच शंका काढली म्हणे. इमर्जन्सीच्या दारात चिटपाखरू नाही, आणि गच्चीवरच्या कँटीनमध्ये एकशे सव्वीस माणसं का? त्यात स्ट्रेचरवरचाही एक आहे.

"मग तू काय सांगितलंस?" मी विचारलं.

ती म्हणाली, काही सांगावंच लागलं नाही. समितीने आपसात चर्चा केली आणि कँटीन दुप्पट मोठं करायला लावलं.

म्हणजे हॉस्पिटलच्या रचनेत माझाही थोडा हात आहे. घरी अजून बोललेलो नाही, पण योग्य वेळ बघतोय.