मुंजाजीचा दात आणि जीपभर रक्त

"ह्यो दात माझ्यासंगंच सरणावर जाईल, त्याच्या आधी न्हाई!" असं मुंजाजी नांदूरघाटच्या पारावर मांडी थोपटून सांगायचा. वय सदुसष्ट, तोंडात शिल्लक दात एकोणीस, पण मान मात्र वरच्या, पुढच्या एकाच दाताला! तीस वर्षांपूर्वी जत्रेत, हलगी कडाडत असताना, त्यानं ज्वारीचं पोतं म्हणे ह्याच दातात धरून उचललं होतं. त्या दिवशी भिवराबाईनं नवऱ्याकडं जी नजर टाकली होती, तशी नजर नंतर तिनं फक्त दोनदाच टाकली, आणि दोन्ही वेळा नव्या म्हशीवर!

नेमक्या त्याच दाताच्या मुळाशी पू झाला. रूट कॅनाल झालं, ते पुन्हा केलं, तरी ओठ भिजलेल्या पावासारखा फुगायचाच. भिवराबाई म्हणाली, "उपटून टाका की आता." मुंजाजी दोन दिवस तिच्याशी बोलला नाही.

शेवटी तो केजला डॉक्टर सत्यशीलाच्या दवाखान्यात गेला. तिनं फोटो काढला.

"काका, मुळाच्या टोकाशी हाडात खड्डा पडलाय. हिरडी थोडी उघडून तो साफ करू. मग तुमच्याच हातातलं रक्त काढायचं, मशीनमध्ये फिरवायचं. त्यातल्या प्लेटलेट एका जेलीत गोळा होतात. ती जेली खड्ड्यात ठेवली की जखम भरायला मदत होते. दात वाचेलच असं वचन देत नाही, पण प्रयत्न करू."

"हाताचं रगत दाताला?"

"हो. तासाभरानं घेते तुम्हाला."

मुंजाजी बाहेर आला आणि घरी फोन लावला. रेंज अर्धी, ओठ दुप्पट. "आगं, रगत लागतंय! भरायचंय! तू घाबरू नगंस!"

भिवराबाईला 'रगत' ऐकू आलं, 'भरायचंय' ऐकू आलं, 'घाबरू' सुद्धा आलं. 'नगंस' तेवढं रेंजनं खाल्लं! तिनं असा हंबरडा फोडला की दावणीच्या शेळ्या रवंथ करायच्या थांबल्या. किराणा दुकानापर्यंत बातमी पोचली तेव्हा मुंजाजीला दोन बाटल्या रक्त लागत होतं. मारुतीच्या देवळाशी पाच झाल्या. पारावर येईपर्यंत तर तो ट्रकखाली आला होता!

इकडं मुंजाजी खुर्चीत बसला. डॉक्टरनं हातातून रक्त काढून नळ्या भरल्या, मशीनमध्ये ठेवायला उचलल्या, तोच दार धाडकन उघडलं. बाहेर काळीपिवळी जीप, आत-वर-मागं मिळून चौदा माणसं. आणि सगळ्यांच्या पुढं बाही कोपराच्या वर सरकवून नाथा!

नाथा आणि मुंजाजी मेंढरांच्या एकाच कळपामागं वाढलेले. पण अकरा वर्षांपूर्वी नाथा चहाच्या टपरीवर चारचौघांत बोलून गेला होता, "त्या पोत्यात अर्धा भुसा व्हता." तेव्हापासून दोघं समोरासमोर आले की एकजण गल्ली बदलायचा.

"माझं घ्या, डॉक्टरीनबाई!" नाथा ओरडला. "लागंल तेवढं घ्या! ह्यो माणूस जगला पायजे!"

"अहो, त्यांच्या दाताचं—"

नाथाची नजर लालभडक नळ्यांवर गेली. डोळे फिरले, आणि कापूस लादलेली बैलगाडी कलंडावी तसा तो आडवा झाला.

डॉक्टरनं नळ्या कंपाउंडरच्या हातात कोंबल्या. "मशीन सुरू करा! काका, उठा! पेशंटला खुर्ची द्या!"

खऱ्या पेशंटनं निमूट खुर्ची रिकामी केली. नाथाचे पाय वर, डोकं खाली. मुंजाजी शेजारी स्टुलावर, नाथाच्या चपला हातात धरून. मशीन घूंऽऽ करत फिरत होतं. नाथानं डोळे उघडले.

"जित्ता हाईस बे?"

"दात दुखतोय नुसता. तू कावून आलास?"

"कावून म्हंजे? गोदाकाठी थंडीत एका घोंगडीत झोपलेलो आपुन. तू ओढून घ्यायचास सगळी, मी राती कुडकुडायचो. इसरलास व्हय?"

मुंजाजीला ती थंडी आठवली, मेंढरांच्या ऊबदार लोकरीचा वास आठवला. तो चपलांकडं बघत म्हणाला, "नाथा, ते पोतं मलाबी हलकंच लागलं व्हतं रं."

"लागणारच! मीच भरलता भुसा. दात मोडला असता तर भिवरावैनीला काय तोंड दावलं असतं?"

"मग टपरीवर कावून बोललास?"

"लईच मिरवाय लागलतास!"

दोघं असे हसले की डॉक्टरला "हळू!" म्हणावं लागलं. मशीन थांबलं. तिनं नळीतून पिवळसर, लुसलुशीत जेली चिमट्यानं काढली.

"खरवस!" दोघं एकदम ओरडले. लहानपणी एका परातीत दोघांनी भांडून खाल्लेला, वेलदोड्याचा, अगदी तसाच!

मग नाथाला बाकावर हलवलं आणि मुंजाजीला भूल दिली. डॉक्टरनं खड्डा साफ केला, जेली ठेवली, टाके घातले. "सहा महिन्यांनी फोटो काढू, तेव्हा हाड भरलं का ते कळेल," ती म्हणाली. मुंजाजीनं मान डोलावली. ओठ बधिर, तोंडात बोळा, पण अकरा वर्षांनी छाती कशी हलकी झाली होती!

जीप गावात शिरली तेव्हा निम्मं गाव रस्त्यावर होतं. जीपमधून पहिला उतरला नाथा, पांढराफटक, दोघांच्या खांद्यावर हात टाकून. लोक धावले. कुणी त्याला शहाळं दिलं, कुणी वारा घातला. "लई भोगलं बिचाऱ्यानं!" एक म्हातारी डोळे पुसत म्हणाली. मागून फुगलेला ओठ घेऊन मुंजाजी उतरला, तर त्याला कुणीतरी म्हटलं, "सरक बे, पेशंटला हवा लागू दे!"

भिवराबाईनं साजूक तुपातला शिऱ्याचं ताट आणलं आणि थेट नाथापुढं ठेवलं.

"आन् मला?" मुंजाजी बोळ्यातून कसाबसा बोलला.

"तुमाला गरम चालत न्हाई," ती म्हणाली. "डॉक्टरीनबाईचा फोन आलता. गार दूध ठिवलंय चुलीम्हागं. मांजरीनं ठिवलं आसंल तर!"