तिसऱ्या रांगेतले होशंगराव

दोन तासांचा चित्रपट पाहायला होशंगरावांना पाच तास लागतात. चित्रपट त्यांना समजत नाही म्हणून नव्हे; त्यांच्या मते तो काढणाऱ्यांनाच समजलेला नसतो म्हणून. पडद्यावर प्राचीन इराणची सेना दिसली रे दिसली, की त्यांचा उजवा हात ताठ वर जातो, "थांबवा!" असा आदेश सुटतो, आणि रिमोट सांभाळण्याचे काम माझ्याकडे असल्यामुळे मी निमूटपणे बटण दाबते. हत्तीची सोंड अर्ध्यावर थबकते, बाण हवेत लटकतो आणि आयर्लंडमधल्या लिमरिकच्या आमच्या बैठकीच्या खोलीत होशंगराव उठून उभे राहतात.

"असं नव्हतं राव!"

मग काय काय नव्हते, याचा पाढा सुरू होतो. इराणी सैनिकांच्या तोंडावर लोखंडी मुखवटे नव्हते. त्यांच्या राजाच्या नाकात नथ नव्हती. आणि मुख्य म्हणजे, त्यांचे पाय उघडे नव्हते.

"डॉक्टरबाई, हा मेला बघा. चामड्याचा लंगोट नेसवलाय याला! अगंबाई, लाज आहे का काही? अहो, ते ग्रीक गुडघे उघडे टाकून हिंडत होते, तेव्हा आम्ही विजार घालत होतो. विजार!"

सहा फूट उंचीचा, पांढऱ्या दाढीचा एक इराणी गृहस्थ गालावर हात ठेवून "अगंबाई" म्हणतो, हे प्रथम ऐकणाऱ्याला जरा जड जाते. त्याचा खुलासा असा. होशंगराव मूळचे शिराझचे. ऐन विशीत ते अभियांत्रिकी शिकायला पुण्याला आले आणि सदाशिव पेठेत कमलाबाई नावाच्या एका बाईंकडे खोली घेऊन राहिले. त्यांचे सगळे मराठी या कमलाबाईंकडून आलेले. त्यामुळे ते रागावले की "मेल्या" म्हणतात, आनंदले की "अगंबाई" म्हणतात आणि चहा सांडला तर चक्क "इश्श" म्हणतात. "राव" तेवढे वर्गमित्रांकडून मिळालेले. ते त्यांना इतके आवडले, की त्यांनी ते आपल्या नावालाच कायमचे जोडून टाकले.

पुढे मोरीन नावाच्या आयरिश मुलीशी लग्न करून ते लिमरिकला आले आणि नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्यात नोकरीला लागले. मोरीनबाई काही वर्षांपूर्वी गेल्या. होशंगराव २०२० मध्ये निवृत्त झाले आणि आमच्या कुंपणापलीकडच्या घरात एकटेच राहू लागले.

मी स्वभावाने भिडस्त आहे. इथल्या रुग्णालयात सूक्ष्मदर्शकाखाली पेशी तपासण्याचे काम करते. पेशी उलट बोलत नाहीत, हा त्या कामाचा मोठाच गुण. शेजाऱ्याशी आपण होऊन ओळख काढणे मला कधी जमले नसते. पण टाळेबंदीच्या त्या हिवाळ्यात सरकारने एकट्या राहणाऱ्या माणसाला दुसऱ्या एका घराशी जोडून घेण्याची मुभा दिली. या व्यवस्थेला सगळे 'बबल' म्हणत. दुसऱ्याच दिवशी कुंपणावरून केशरी भाताचे ताट पुढे आले आणि पाठोपाठ दाढी.

"सुधीरराव, मला तुमच्या बुडबुड्यात घेता का?"

सुधीर म्हणजे माझा नवरा. तो संगणकाच्या कंपनीत आहे आणि माझ्या अगदी उलट, बोलका. त्याने एका हाताने ताट घेतले, दुसऱ्या हाताने होशंगरावांना. तेव्हापासून शनिवारची दुपार चित्रपटाची ठरली.

सुधीरचे प्रेम मराठ्यांच्या पराक्रमाच्या चित्रपटांवर. नगारा वाजला, की त्याच्या अंगावर काटा येतो. घोडा उधळला, की तो सोफ्याच्या कडेवर येऊन बसतो. त्याची पाळी होती त्या शनिवारी आम्ही असाच एक चित्रपट लावला. शत्रूचा सरदार पडद्यावर आला. डोळ्यांत काजळ, हातात बोकडाची तंगडी, पार्श्वभूमीला मशाली आणि विनाकारण गडगडाटी हास्य.

होशंगरावांचा हात वर गेला. "थांबवा!"

सरदार तंगडीला चावत असतानाच थांबला. होशंगराव पडद्याजवळ गेले, चष्मा कपाळावर चढवून त्याच्याकडे निरखून पाहू लागले आणि एखादा हरवलेला नातेवाईक भेटावा तसे आनंदाने ओरडले, "अगंबाई! अहो, हा तर मीच!"

"तुम्ही कसे?" सुधीर म्हणाला.

"अहो, त्या ग्रीकांच्या चित्रपटात मी हाच असतो. हेच काजळ, हीच तंगडी, हेच हसणं. आणि सुधीरराव, आमच्या लोकांनी चित्रपट काढला ना, की ही तंगडी आम्ही ग्रीकांच्या हातात देतो. तंगडी एकच आहे राव! नुसती देशोदेशी फिरतेय."

सुधीर हाताची घडी घालून मागे रेलला. मी चित्रपट पुढे सुरू केला. पण त्या सरदाराने पुन्हा तंगडी उचलली, तेव्हा पहिला हसला तो सुधीर. आमची मुलगी मृण्मयी बारा वर्षांची आहे आणि तिला मराठी सगळे कळते, पण उत्तर लिमरिकच्या इंग्रजीतच मिळते. ती गालिच्यावरून म्हणाली, "आह हिअर, काका, लेट इट प्ले!"

होशंगरावांचे हे वेड नुसत्या अभिमानाचे नव्हते, हे मला एका शनिवारी चहा गाळताना कळले. त्यांची आई शिराझच्या शाळेत इतिहास शिकवत असे. शहरापासून तासाभराच्या अंतरावर जुन्या राजधानीचे भग्नावशेष आहेत. तिथे ती मुलांना दर वर्षी घेऊन जाई आणि जिन्याच्या भिंतीवरची कोरीव चित्रे दाखवी. देशोदेशीचे लोक राजाकडे भेटी घेऊन निघाले आहेत. कोणाच्या हाती फूल, कोणाच्या हाती दुसऱ्याचा हात.

"आई म्हणायची, नीट बघा पोरांनो, एवढी माणसं कोरलीत, पण त्यांत मरणारा एकही नाही." होशंगराव कपाकडे पाहत म्हणाले. "आता तिला फारसं आठवत नाही. मागे टीव्हीवर त्या ग्रीकांचा एक चित्रपट लागला होता. फोनवर मला विचारते, होशंग, आपण असे होतो का रे? तिथे मला थांबवा म्हणता येईना, डॉक्टरबाई. रिमोट तिच्या हातात."

निवृत्त झाल्यावर सहा महिने आईजवळ राहायचे, म्हणून त्यांनी तिकीट काढून ठेवले होते. मग विमानेच बंद झाली.

"मला एकदाच तिला पडद्यावर माणसासारखा इराणी दाखवायचाय," ते म्हणाले. "एकच. बाकीचे मुखवटे घालून फिरेनात का."

आणि नेमकी पुढच्या वसंतात जाहिरात आली! विकलोच्या डोंगरात एका ऐतिहासिक चित्रपटाचे चित्रीकरण व्हायचे होते आणि इराणी सैन्यासाठी 'दाढीवाले, सावळे, धावू शकणारे' पुरुष हवे होते. या देशात ही तिन्ही लक्षणे एकत्र मिळणे अवघड असल्यामुळे सुधीर आणि होशंगराव दोघेही निवडले गेले. आमच्या घरात आनंदाचा कल्लोळ झाला. सुधीरने दाढी वाढवली. होशंगरावांनी मोरीनबाईंचे तपकिरी पडदे काढून, स्वतः मशीनवर बसून, घोट्यापर्यंत पोचणारी अस्सल प्राचीन विजार शिवली. ती घालून ते आमच्या अंगणात धावूनही दाखवत. मी, जिने आयुष्यात कधी मोठ्याने टाळी वाजवली नाही, ती खिडकीत उभी राहून टाळ्या वाजवू लागले.

गाडी चालवण्याचे काम माझे होते. सुधीरला तेव्हा परवाना नव्हता आणि होशंगराव उत्साहात असले, की रस्त्यापेक्षा हातवाऱ्यांकडे जास्त लक्ष देतात. पहाटे निघून आम्ही विकलोला पोचलो. त्यांना पोशाखाच्या तंबूकडे पाठवून मी टेकडीच्या अलीकडे वाहनतळावर बसून राहिले. पुढचे मी दोघांच्या तोंडून ऐकले आहे. फक्त एक गोष्ट माझ्या स्वतःच्या कानांनी ऐकली, ती येईलच.

तंबूत होशंगरावांना अर्थातच चामड्याचा लंगोट देण्यात आला. त्यांनी पिशवीतून विजार काढली आणि पोशाखवाल्या बाईंना अडीच हजार वर्षांचा इतिहास ऐकवला. बाई म्हणाल्या, "यू आर ग्रँड, लव्ह, तुमच्या पायांकडे कोण बघणार आहे?" होशंगराव म्हणाले, "माझी आई." यावर बाईंचे काही चालले नाही. त्यांनी विजारीला परवानगी दिली आणि पाय दिसू नयेत म्हणून त्यांना तिसऱ्या रांगेत उभे केले.

रांगेत उभे राहताच होशंगरावांनी शेजारच्या सुधीरचा हात धरला. भिंतीवरच्या चित्रात तसेच आहे ना! लगेच कर्ण्यातून एका तरुण सहायक दिग्दर्शिकेचा आवाज आला, "युअर मॅन इन द थर्ड रो, लेट गो ऑफ हिज हँड!" साथीच्या नियमांत हात धरणे बसत नव्हते. होशंगराव ओरडले, "आम्ही एकाच बबलमधले आहोत!" एवढ्या मोठ्या सैन्यात यावर तोड काढायला कोणाला वेळ नव्हता. हात तसेच राहिले.

आणि मग हल्ल्याचा इशारा झाला. सेनेने आरोळी ठोकत टेकडी उतरायची होती. आरोळी काय ठोकायची, हे कोणी सांगितले नव्हते. बाकीचे आपले "आ" करून ओरडले. सुधीर मात्र जन्मभर ज्या क्षणाची वाट पाहत होता, तो क्षण समोर आल्यावर त्याला कुठले भान! त्याने भाला उंचावला आणि उभ्या विकलोला ऐकू जाईल अशी गर्जना केली, "हर हर महादेव!"

"कट!"

सहायक दिग्दर्शिका धावत आली. सुधीरचा चेहरा पांढरा पडला. पण तिचे डोळे चमकत होते. "दॅट वॉज क्लास! काय होतं ते? इराणी का?" सुधीरने भाला हळूच खाली केला. मग ती होशंगरावांकडे वळली. सकाळच्या विजार-प्रकरणामुळे ते त्या विषयातले अधिकारी आहेत, एवढे तिला कळले होते. "तुम्ही सांगा. प्राचीन काळातलं आहे ना?"

सुधीर म्हणतो, त्या क्षणी आपली आता सेनेतून हकालपट्टी होणार अशी त्याची खात्रीच झाली होती. ज्या माणसाने शनिवारच्या शनिवारी एक खोटा मुखवटा चालवून घेतला नाही, तो आता काय म्हणणार? होशंगरावांनी सुधीरच्या चेहऱ्याकडे पाहिले. दाढीतून हात फिरवला.

"प्राचीन," ते गंभीरपणे म्हणाले. "फारच प्राचीन."

मी गाडीत सँडविच खात होते. टेकडीपलीकडून, आयर्लंडच्या त्या करड्या आभाळाखाली, शेदीडशे गळ्यांतून, डब्लिनी आणि ब्राझिली हेल काढत "हर हर महादेव" उठले आणि माझे सँडविच हातातच राहिले. आधी मला भास वाटला. मग दुसऱ्यांदा गर्जना झाली, आणि तिच्यात सगळ्यांत वर एक आवाज मला स्पष्ट ओळखू आला. तो होशंगरावांचा होता.

"अगंबाई, काय मजा आली, डॉक्टरबाई!" परतीच्या वाटेवर ते लहान मुलासारखे सांगत होते. "आणि ऐका, मला पडायलासुद्धा मिळालं! भाला लागून कोण पडणार, असं विचारलं, मी हात वर केला. ती मुलगी म्हणाली, किंचाळा. मी म्हटलं, नाही किंचाळणार. मी गुडघ्यावर बसलो, आभाळाकडे बघितलं आणि शांतपणे आडवा झालो. माणसासारखा. तेच आईला दाखवायचं होतं."

नाताळच्या सुमारास चित्रपटाची झलक प्रसिद्ध झाली. आरोळीवर त्यांनी ढोल वाजवून ठेवले होते, त्यामुळे सुधीर आठवडाभर खट्टू होता. पण तिसरी रांग होती! विजार होती, धरलेले हात होते, आणि शेवटी क्षणभर पडदाभर होशंगराव होते: गुडघ्यावर बसलेले, वर पाहणारे, मग आडवे होणारे. आम्ही चौघांनी एवढा गलका केला, की रस्त्यापलीकडच्या घरातला दिवा लागला.

होशंगरावांनी लगेच आईला व्हिडिओ फोन लावला आणि फोन टीव्हीसमोर धरला. मी बटण दाबले. पलीकडे पांढरा रुमाल बांधलेला एक इवलासा चेहरा पडद्याजवळ आला. रांग आली. चेहरा हसला. भाला आला, आणि फोनमधून जी किंकाळी उठली ती मला अजून ऐकू येते. आई फारसीत एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत होत्या. होशंगराव फोन स्वतःकडे वळवून हसून, हात हलवून, दंड थोपटून दाखवत होते.

"काय म्हणतायत?" सुधीरने हळूच विचारले.

"लागलं का, म्हणते."

विजारीबद्दल त्या काही बोलल्या नाहीत. पुढच्या शनिवारी त्यांना फोन झाल्याचे आठवत नव्हते, झलक पाहिल्याचे आठवत नव्हते. मुलगा पडला, एवढेच आठवत होते. तो उठला का, असे त्या विचारत होत्या.

"परत लावा, डॉक्टरबाई," होशंगराव म्हणाले. फोन टीव्हीसमोर धरला. तिसरी रांग उतरू लागली, ढोल वाजू लागले, दोन हात एकमेकांत गुंतलेले दिसले. भाला अजून यायचा होता.

"थांबवा," ते हळूच म्हणाले. हात वर गेला नव्हता.

मी थांबवले. आईने पलीकडून काहीतरी विचारले. होशंगरावांनी फारसीत उत्तर दिले, आणि तो चेहरा हळूहळू सैलावला. मग ते आमच्याकडे वळून मराठीत म्हणाले, "पुढे काय झालं, विचारते. मी सांगितलं, पुढे काही नाही. सगळे घरी गेले."

टीव्हीवर सेना टेकडीच्या मध्यावर उभी होती. सुधीरने माझ्याकडे पाहिले, मी रिमोटकडे. असं नव्हतं राव, असे कोणीच म्हटले नाही.