जास्तीच्या हिस्टोनचं काम, एका वाक्यात

ज्या गोष्टीसारखी दुसरी गोष्ट जगात आहे, तिच्यावाचून कुणाचं काही अडत नाही, हे सत्य संशोधन संस्थेच्या काटकसर समितीला एका मंगळवारी सकाळी उमगलं. त्याच दुपारी फोन आला, की दुसऱ्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेतल्या बाई दवाखान्यात वारल्या. समितीनं उभं राहून शोक पाळला (बसूनही तेवढाच झाला असता) आणि काम पुढे चालू केलं. बाईंचे यजमान समितीचे सचिव. ते दवाखान्यातच होते, त्यामुळे त्यांची गैरहजेरी 'सकारण' धरण्यात आली.

समितीचं काम चोख होतं. जिन्याला दोन कठडे होते, एक काढला. अध्यक्षांच्या खोलीखालचे खांब एकसारखे निघाले, तेव्हा मात्र विषय अधिक अभ्यासासाठी ठेवला. समितीचे सातही सभासद दर वेळी एकच मत देत. त्याला एकमत म्हणतात. ते जास्तीचं धरत नाहीत.

महिन्याभरानं बाईंच्या फ्रीझरची पाळी आली. त्यात त्यांनी वाढवलेल्या पेशी होत्या.

बाई हिस्टोनच्या एका जनुकावर काम करत. माणसाच्या जवळजवळ प्रत्येक पेशीत (रक्तातल्या लाल पेशींनी काटकसर आधीच करून ठेवली आहे) दोनेक मीटर लांबीचा डीएनएचा धागा डोळ्यांना न दिसणाऱ्या जागेत कोंबलेला असतो. गुंता होऊ नये म्हणून तो प्रथिनाच्या रिळांवर गुंडाळतात. ते प्रथिन म्हणजे हिस्टोन. गुंडाळी सैल असेल तिथला मजकूर पेशीला वाचता येतो, घट्ट असेल तिथला येत नाही. अडचण अशी, की हुबेहूब तेच प्रथिन बनवणारी जनुकं डझनाहून जास्त. बाईंनी त्यांतलं एक धरलं होतं.

जनुकाचं काम ओळखायची मान्य पद्धत सोपी आहे. ते बंद करायचं आणि काय बिघडतं ते बघायचं. बाईंनी बंद केलं. काही बिघडलं नाही.

"बाकीची सांभाळून घेताहेत हो," त्या एकदा घरी जेवताना यजमानांना म्हणाल्या होत्या. "पण किती दिवस, ते बघायचंय मला."

"आणि नाहीच बिघडलं तर?"

"तर तुमची समिती शहाणी. भाजी घ्या."

बैठकीत अध्यक्ष फार मवाळ होते.

"सचिव, मनाला लावून घेऊ नका. पण बाकीची जनुकं आहेत ना?"

"आहेत."

"मग या एकाचं काम काय? बाकीची करत नाहीत असं काहीतरी. एका वाक्यात आणा, फ्रीझर राहील. नाहीतर तो रिकामा करावा लागेल."

सचिव घरी येऊन लिहायला बसले. 'हे जनुक रीळ बनवतं.' बाकीचीही बनवतात, खोडलं. 'पेशीची दुप्पट व्हायची घाई असते तेव्हा ढीगभर रिळं लागतात, त्यात हे हातभार लावतं.' हातभार हा शब्द समितीला चालत नाही, खोडलं.

इतक्यात मुलीचा फोन आला.

"बाबा, जेवलात?"

"जेवलो."

"काय?"

"मावशीनं डबा पाठवला होता तुझ्या."

"खरं सांगा."

"अगं, डबा खोटा असतो का कधी?"

फोन ठेवल्यावर त्यांनी सरावासाठी सोपा विषय घेतला: बायकोचं काम. स्वयंपाक? मेहुणीचा डबा येतो. गोळ्यांची आठवण? मोबाइल वाजतो. भांडण? त्याला शेजारी आहेत. एकेक काम वाटून झालं, प्रत्येकाला कुणी ना कुणी मिळालं. समितीच्या नियमानं घर आता पूर्ण होतं. त्यांनी दिवा लावला, दोन कप काढले, एक परत ठेवला. हे कुठल्या कामात धरायचं ते त्यांना कळेना.

वाचकांना हे सोपं वाटत असेल, तर त्यांनी शेजारच्या खोलीतल्या माणसाचं काम एका वाक्यात लिहून पाहावं. दुसरं कुणी करू शकणार नाही असंच लिहायचं. (ते माणूसही तुमच्याबद्दल लिहायला बसलं असेल. त्याला घाई करू नये.)

बैठक उद्या अकराला आहे. सचिवांचं वाक्य अजून झालेलं नाही.