कमळातला ळ

आमच्या जळगावच्या ऑफिसातले भास्करनाना दिवसाकाठी शे-दोनशे ळ काढायचे. तोंडानं नव्हे, लाल पेनानं. ऑफिसात मराठी अक्षरं दाखवणारा कॉम्प्युटर नुकताच आला होता आणि तो ज्यानं कुणी घडवला, त्याच्या ळ गावीही नव्हता. पडद्यावर जलगाव, धुले, भुसावल. पिकाच्या रकान्यात ‘केली’. काय केली, ते वाचणाऱ्यानं ठरवायचं. छापील याद्या आल्या की नाना पेन उघडून एकेका ल चा ळ करत बसायचे.

“भाऊ, आपल्या खान्देशातून हा काढला तर उरलं काय? पाचोरा!”

गंमत म्हणजे हा ळ आमच्या कुणाच्याच तोंडात नसतो. घरी आम्ही जयगाव, धुयं, भुसावयच म्हणतो. ऑफिसात मी जिभेला इस्त्री करून बोलायचो. नाना मूळचे धुळ्याकडचे, त्यांनी ती भानगडच ठेवली नव्हती. ळ लिहायचे आणि य म्हणायचे.

साहेब म्हणाले, “नाना, ल चालवून घ्या.” नानांनी यादीवर सहीच केली नाही. तीस वर्षांत साहेबांच्या शब्दाबाहेर न गेलेला माणूस! शेवटी कंपनीचा इंजिनिअर आला, एकाच दिवसापुरता. संध्याकाळच्या गाडीनं तो परत जाणार होता. आज जमलं नाही तर कायमचा ल, असं साहेबांनी बजावलं होतं.

“कौन-सा अक्षर नहीं है?” त्यानं विचारलं.

“जयगावका!”

त्यानं य ची कळ दाबली. “य तो है.”

“हाऊ नही! धुयेका! भुसावयका!”

त्यानं आणखी दोन य उमटवले. नानांनी कपाळावर हात मारला. “बठ्ठं ऐकस, पन समजस नही!” मग जरा हळू आवाजात म्हणाले, “कमयका.” चौथा य आला. मी मध्ये पडणार होतो, पण हसू आवरेना.

नानांनी आलेखाचा कागद ओढला आणि चौकटीत ठिपक्या-ठिपक्यांनी ळ काढला. आता मात्र इंजिनिअरला कळलं. त्याच्या यंत्रातली अक्षरंही ठिपक्यांचीच होती. पहिला ळ पडद्यावर आला तेव्हा नाना ओरडले, “हाऊ चष्मा शे!” दुसरा आडवा आठ झाला. दुपारचा डबा तसाच राहिला. चार वाजता सहावा ळ आला आणि नानांनी मान डोलावली.

आता जळगाव लिहिणार म्हणून आम्ही सगळे मागे गोळा झालो. नानांनी एका बोटानं कळा दाबल्या. कमळ.

“पहिलीच्या पुस्तकातलं का, नाना?” मी चिडवलं.

“आमच्या घरचं.”

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. नानांच्या बायको, कमळवहिनी, पुण्याकडच्या. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली होती.

“लग्न झाल्यापासून म्हणायची, एकदा तरी माझं नाव नीट घ्या,” नाना म्हणाले. “मी आपलं कमय, कमय. तिला वाटायचं, मुद्दाम करतो.”

इंजिनिअर पिशवी भरू लागला. नाना पडद्याकडे बघत होते. त्यांनी जीभ टाळ्याला लावली, मान ताणली, सगळा जोर लावला.

“कमय,” म्हणाले आणि स्वतःच हसले. “जाऊ दे भाऊ. लिहिलं तरी नीट.”

मला मात्र रडू आलं. मी साहेबांची यादी ळ घालून नव्यानं छापली आणि नानांपुढे सरकवली. त्यांनी लाल पेन खिशात ठेवलं आणि निळ्यानं सही केली.